आधी यादी, मग सूत्र: नववी ते बारावीचं स्टॅटिस्टिक्स, प्रोबॅबिलिटी आणि लॉजिक कसं शिकायचं

स्टेट बोर्डाच्या दहावीच्या गणित भाग १ मध्ये सहा प्रकरणं आहेत आणि संभाव्यता आणि सांख्यिकी ही त्यातली शेवटची दोन. त्यामुळे होतं काय, की दिवाळीनंतर पोर्शन संपवायच्या घाईत ही दोन प्रकरणं अक्षरशः उरकली जातात, "सोपं आहे रे, सूत्रात किमती टाका आणि मार्क घ्या" असं म्हणून गाडी पुढे जाते. मार्क मिळतातही. मग अकरावी सायन्सला व्हेरियन्स आणि कंडिशनल प्रोबॅबिलिटी समोर येते, बारावीचं पुस्तक उघडलं की पहिलंच प्रकरण मॅथेमॅटिकल लॉजिक, आणि पोरं म्हणतात हे काय नवीनच. नवीन काही नसतं, पाया घातलेलाच नसतो एवढंच.

हे सगळं शून्यापासून, क्लास असो नसो, स्वतः करायचं असेल तर काय क्रमाने करायचं ते खाली लिहितोय. सगळीकडे एकच सवय वापरायची आहे: सूत्राला हात लावायच्या आधी यादी करायची. डेटा असेल तर आकडे मांडायचे, प्रोबॅबिलिटी असेल तर काय काय होऊ शकतं ते मांडायचं, आणि लॉजिक असेल तर सगळ्या केसेस मांडायच्या. सुरुवातीला हे फार स्लो वाटतं, पण दोन-तीन आठवड्यांत हात बसतो.

पायरी १: पुस्तक बाजूला ठेवा आणि स्वतःचे आकडे गोळा करा

तीस-चाळीस आकडे पुरतात. स्टॉपवर बसची किती मिनिटं वाट बघितली, मोबाईलचा रोजचा स्क्रीन टाइम, वर्गातल्या प्रत्येकाच्या घरात किती माणसं आहेत, काहीही चालेल. तेवढाही कंटाळा असेल तर लाईटचं बिल काढा, त्यावर मागच्या महिन्यांचा युनिटचा वापर छापलेला असतो, तो तयार डेटाच आहे.

पण मोजायच्या आधी नियम ठरवा, आणि लिहून ठेवा. समजा बसची वाट मोजताय, तर घड्याळ कधी सुरू करायचं, स्टॉपवर पोचल्यावर की बसच्या टाइमपासून? आणि ज्या दिवशी बस आलीच नाही आणि तुम्ही रिक्षा केली, त्या दिवसाचं काय लिहिणार? बहुतेक जण तो दिवस सोडून देतात आणि मग सरासरी मस्त छोटी येते, म्हणजे सगळ्यात वाईट दिवस हिशोबातूनच गायब. ही चूक पुस्तकातल्या उदाहरणांत कधीच दिसत नाही कारण तिथे आकडे आयते दिलेले असतात, म्हणून तर स्वतःचे आकडे घ्यायला सांगतोय.

पायरी २: मध्य, मध्यक, बहुलक यांच्यातलं भांडण समजून घ्या

मध्य म्हणजे मीन, मध्यक म्हणजे मीडियन, बहुलक म्हणजे मोड. व्याख्या सगळ्यांना पाठ असतात, अडतं ते कुठला कधी वापरायचा तिथे.

हे सात आकडे बघा, बसची वाट, मिनिटांत: ५, ७, ७, ८, ९, १०, ९४. शेवटच्या दिवशी बस वाटेत बंद पडली असं समजा. बेरीज १४०, भागिले ७, मीन आला २०. आता मला सांगा, सातपैकी एका तरी दिवशी वीस मिनिटांच्या आसपास वाट बघितली का? नाही. मीडियन म्हणजे चढत्या क्रमात मधला, तो ८. मोड ७. एका ९४ ने मीनला धरून ओढलं, मीडियन जागचा हलला नाही. आता ९४ च्या जागी १९४ टाकून परत करा, मीडियन तेव्हाही ८ च राहील आणि मीन जाईल ३४ च्या वर. हे हाताने एकदा करून बघितलं की "टोकाच्या किमतींचा मध्यावर परिणाम होतो" हे वाक्य पाठ करावं लागत नाही.

खरं उदाहरण हवं असेल तर २६ जुलै २००५ ची मुंबई घ्या. त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच चोवीस तासांत कुलाब्याला सुमारे ७३. दोन्ही मुंबईच. दोघांचं मीन काढलं तर ५०९ च्या आसपास येतं, आणि एवढा पाऊस ना सांताक्रूझला पडला ना कुलाब्याला. गणित अगदी बरोबर आहे, फक्त उत्तराला काही अर्थ नाही. सरासरी छापलेली दिसली की आधी हा प्रश्न विचारायचा, की मुळात हे आकडे एकत्र करण्यासारखे होते का.

मोडबद्दल पोरांना वाटतं की हा काय उगाच, कोण वापरतं. कोणत्याही बाजार समितीचे कांद्याचे भाव बघा. क्विंटलमागे किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे तीन आकडे असतात. यातला सर्वसाधारण दर म्हणजेच सरकारी पोर्टलवर ज्याला मोडल प्राइस म्हणतात तो, म्हणजे जास्तीत जास्त माल ज्या भावाच्या आसपास गेला तो भाव. शेतकऱ्याला मीन सांगून काय उपयोग, दोन ट्रॉल्या एकदम चांगल्या मालाला चढा भाव मिळाला म्हणून सरासरी वर जाईल आणि तो त्या आशेने माल घेऊन येईल. त्याला बाकीच्यांना काय मिळतंय ते हवं असतं.

इथेच पर्सेंटाइल पण उरकून टाका, कारण पुढे सीईटीच्या वेळी घराघरांत यावरून गोंधळ होतो. ९९ पर्सेंटाइल म्हणजे ९९ टक्के मार्क नव्हेत. समजा तुमच्या शिफ्टला २०,००० मुलं बसली, तर ९९ पर्सेंटाइल म्हणजे त्यातल्या साधारण १९,८०० मुलांना तुमच्याएवढे किंवा तुमच्यापेक्षा कमी मार्क आहेत, आणि साधारण २०० जण तुमच्या पुढे आहेत. पेपर अवघड असला तर खूप कमी मार्कांतही ९९ येतात. आणि वेगवेगळ्या शिफ्टचे पेपर वेगवेगळे असतात म्हणून तर नुसते मार्क न धरता पर्सेंटाइल धरतात. काका-मामा "मग उरलेला एक टक्का कुठे गेला" म्हणाले तर त्यांनाही हेच सांगा.

पायरी ३: वर्गीकृत सारणीची सूत्रं उलगडून बघा

इथे जरा थांबायचं आहे कारण दहावीचं सगळं टेन्शन इथे असतं. समजा चाळीस दिवसांच्या वाटेचे आकडे असे गटात लावले:

० ते १० मिनिटं: ८ दिवस
१० ते २०: १४ दिवस
२० ते ३०: १० दिवस
३० ते ४०: ५ दिवस
४० ते ५०: ३ दिवस

पहिला प्रश्न, बरोब्बर १० मिनिटं वाट बघितली तो दिवस कुठे? पुढच्या गटात, म्हणजे १० ते २० मध्ये. याला असमावेशक पद्धत म्हणतात. वर्ग (म्हणजे हे गटच) १ ते १०, ११ ते २० असे दिले असतील तर ती समावेशक पद्धत, तेव्हा मीडियन-मोड काढायच्या आधी वर्ग ०.५ ते १०.५, १०.५ ते २०.५ असे सलग करून घ्यायचे. हे विसरलं की उत्तर ०.५ च्या आसपास चुकतं आणि मार्क जातात, बाकी सगळं बरोबर असलं तरी.

मीन: गटात टाकल्यावर प्रत्येक दिवसाचा नेमका आकडा आपल्याकडे राहत नाही, म्हणून गटातला प्रत्येक दिवस वर्गमध्यावर, म्हणजे गटाच्या बरोब्बर मधल्या आकड्यावर आहे असं धरतो. ५ आठ वेळा, १५ चौदा वेळा, २५ दहा वेळा, ३५ पाच वेळा, ४५ तीन वेळा. बेरीज ८१०, भागिले ४०, मीन २०.२५. ही सरळ पद्धत. गृहीतमध्य पद्धत म्हणजे नुसती आकडे छोटे करायची युक्ती आहे: २५ हा मध्य असेल असं धरून चाला, मग प्रत्येक वर्ग २५ पासून किती लांब ते लिहा, उणे २०, उणे १०, शून्य, १०, २०. वारंवारतेने, म्हणजे त्या त्या गटातल्या दिवसांच्या संख्येने गुणून बेरीज येते उणे १९०, चाळीसने भागून उणे ४.७५, म्हणजे आपला अंदाज ४.७५ ने जास्त होता, २५ मधून वजा केलं की परत २०.२५. कुठलाही आकडा गृहीत धरा, उत्तर तेच येतं. विश्वास नसेल तर ३५ धरून करून बघा, खरंच करा.

मीडियन: सूत्र बघितलं की घाबरायला होतं पण ते न वापरता करू. चाळीस दिवस आहेत, मधला म्हणजे विसाव्याच्या आसपासचा. पहिल्या गटात ८ संपले. विसाव्यापर्यंत पोचायला अजून १२ हवेत. पुढच्या गटात १४ दिवस आहेत आणि तो गट दहा मिनिटं रुंद आहे, म्हणजे त्या दहा मिनिटांच्या पट्ट्यात १४ पैकी १२ भाग आत जायचं. १२ भागिले १४ गुणिले १० म्हणजे ८.५७, आणि गट सुरू होतो १० पासून, म्हणून १८.५७. बस, हेच सूत्र आहे. मीडियनचं सूत्र मी तरी कुणाला पाठ करायला सांगत नाही, हे वाक्य मनात म्हणता आलं की पेपरात सूत्र आपोआप उतरतं.

मोड: सगळ्यात उंच गट १४ चा. डावीकडच्या शेजाऱ्यापेक्षा (८) तो ६ ने उंच, उजवीकडच्यापेक्षा (१०) ४ ने उंच. मग त्या गटाची दहा मिनिटं ६ ला ४ अशी वाटायची, डावीकडून ६ भाग सोडले की मोड, म्हणजे १०+६=१६. उजवीकडचा शेजारी मोठा आहे म्हणून मोड उजवीकडे कलला, अर्थ लागतो ना?

आता तिन्ही एका ओळीत लिहा: मोड १६, मीडियन १८.५७, मीन २०.२५. चढत गेले, कारण थोडे दिवस फार उशिराचे आहेत आणि ते मीनला वर खेचतायत. तिसऱ्या पायरीवर येऊन परत दुसऱ्या पायरीतलंच दिसलं.

पायरी ४: पसारा किती आहे ते मोजा

मीन सेम असला म्हणून गोष्ट सेम नसते. एकाला तीन टेस्टमध्ये ४८, ५०, ५२. दुसऱ्याला २०, ५०, ८०. दोघांचा मीन ५०. स्टँडर्ड डेव्हिएशन काढायला मीनपासूनचं अंतर घ्यायचं, पण अंतरांची नुसती बेरीज केली तर कायम शून्यच येते (उणे २, ०, २), म्हणून वर्ग करायचे, त्यांची सरासरी म्हणजे व्हेरियन्स, तिचं वर्गमूळ म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन. पहिल्याचं साधारण १.६, दुसऱ्याचं २४.५.

पावसाच्या बातम्यांत हे रोज दिसतं. हवामान खात्याच्या हिशोबाने देशाची जून ते सप्टेंबरची सरासरी ८७ सेंटिमीटर, १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांवरून काढलेली, आणि ९६ ते १०४ टक्के पडला की "सामान्य" पाऊस. पण सामान्य पाऊस झाला आणि मधले तीन आठवडे कोरडे गेले तर सोयाबीन करपतं ते करपतंच. टोटल बघणाऱ्याला ते दिसत नाही, पसारा बघणाऱ्याला दिसतं.

आलेखांवर जास्त वेळ घालवू नका. आयतालेखात स्तंभ एकमेकांना चिकटून कारण वर्ग सलग आहेत, साध्या स्तंभालेखात मध्ये जागा, वृत्तालेखात भाग भागिले एकूण गुणिले ३६०. प्रमाण लिहायला विसरू नका. झालं.

पायरी ५: प्रोबॅबिलिटी, आणि इथे तर यादीशिवाय पर्यायच नाही

दोन नाणी उडवली, दोन्हींवर छापा यायची शक्यता किती? "दोन छापे, एक छापा, शून्य छापे, अशा तीन गोष्टी होऊ शकतात, म्हणून एक तृतीयांश." असं उत्तर तुमचं आलं असेल तर लाजू नका, फ्रेंच गणिती दालांबेर यांनी १७५४ मध्ये याच जातीची चूक छापून ठेवलीय आणि तो माणूस साधासुधा नव्हता. यादी करा: छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. चार. एक छापा येणं दोन रस्त्यांनी होतं. पटत नसेल तर एक रुपयाचं आणि एक पाचचं नाणं घ्या म्हणजे दोन्ही वेगळी दिसतील, आणि शंभर वेळा उडवून ताळ्याच्या खुणा करा. २५-५०-२५ च्या आसपास येईल, बरोब्बर नाही येणार, आणि बरोब्बर आलं तर मलाच संशय येईल.

दोन फाशांचं तेच. ३६ खान्यांचा तक्ता वहीत आखा, आडवा पहिला फासा, उभा दुसरा, प्रत्येक खान्यात बेरीज. ७ सहा ठिकाणी दिसेल, तिरक्या रेषेत. ८ पाच ठिकाणी. २ आणि १२ एकेकदा. हा तक्ता एकदा हाताने आखलेला असला की बोर्डाच्या फाशांच्या प्रश्नांपैकी बहुतेक सगळे नुसते बघून सुटतात. पत्त्यांचं: ५२ पत्ते, इस्पिक-बदाम-चौकट-किलवर प्रत्येकी १३, चित्रयुक्त पत्ते १२, एक्का त्यात धरायचा नाही. घरात पत्ते नसतील तर शेजारून आणा, न बघता हे लक्षात राहत नाही.

यादी लांबायला लागली की मग मोजायची सूत्रं. परम्युटेशन, म्हणजे क्रम बदलून किती मांडण्या होतात ते मोजणं, हे काही बाहेरून आलेलं प्रकरण नाही, भास्कराचार्यांच्या लीलावतीत याला अंकपाश म्हटलंय आणि तिथला प्रश्न असा आहे की विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म अदलाबदल करून किती मूर्ती होतील. पहिल्या हाताला चार पर्याय, दुसऱ्याला तीन, मग दोन, मग एक, म्हणजे ४×३×२×१ = २४. संध्येतली केशव, नारायण, माधवपासूनची नावं मोजा, चोवीसच आहेत, आणि मूर्तिशास्त्रात प्रत्येक नावाला आयुधांचा वेगळा क्रम आहे. त्याच प्रश्नात दहा हातांचा शंकरही आहे, तिथे उत्तर ३६,२८,८०० येतं. चारसाठी यादी करा, दहासाठी करू नका!

"निदान एक" हे शब्द दिसले की उलटं मोजा. एक फासा चार वेळा टाकला, निदान एकदा सहा यायची शक्यता? सरळ मोजलं तर एकदा, दोनदा, तीनदा, चारदा असं सगळं करत बसावं लागेल. त्यापेक्षा एकदाही न यायची काढा: ५/६ चार वेळा गुणा, ६२५/१२९६, आणि एकातून वजा करा, ६७१/१२९६, म्हणजे साधारण ५२ टक्के. याच धर्तीच्या जुगाराच्या प्रश्नांवरून १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांच्यात पत्रव्यवहार झाला आणि हा विषय रीतसर सुरू झाला असं मानतात.

हीच युक्ती वाढदिवसाला लावा. २३ जणांत कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असायची शक्यता ५० टक्क्यांच्या वर जाते. आपल्याकडे वर्गात साठ पोरं कोंबलेली असतात, तिथे ती ९९ टक्क्यांच्याही वर आहे, म्हणजे जवळजवळ नक्कीच. उद्या वर्गात विचारून बघा. लोकांना खोटं वाटतं कारण ते मनात "माझ्या तारखेला कोण" असं मोजतात, पण इथे जोड्या मोजायच्यात, आणि साठ जणांच्या जोड्या होतात १७७०.

आणि हो, पाच वेळा छापा आला म्हणून सहाव्यांदा काटा यायची "वेळ झाली" असं काही नसतं. नाण्याला मागचं आठवत नाही. क्रिकेटच्या टॉसवर तावातावाने बोलणारे हे रोज विसरतात.

कंडिशनल प्रोबॅबिलिटी, म्हणजे एक गोष्ट झालीय हे माहीत असताना दुसरीची शक्यता, अकरावीत येते आणि तिथे सूत्रापेक्षा एक आयडिया फार कामाची आहे: टक्के सोडा, हजार माणसं उभी करा. समजा एखादा आजार शंभरात एकाला आहे, टेस्ट आजारी माणसाला दहापैकी नऊ वेळा पकडते, आणि निरोगी माणसालाही शंभरात पाच वेळा चुकून पॉझिटिव्ह दाखवते. टेस्ट पॉझिटिव्ह आली, आजार असायची शक्यता किती? पटकन सगळे ९० टक्के म्हणतात. आता हजार माणसं घ्या. आजारी १०, त्यातले ९ पॉझिटिव्ह. निरोगी ९९०, त्यातले साधारण ५० पॉझिटिव्ह. एकूण पॉझिटिव्ह ५९, त्यातले खरे आजारी ९. म्हणजे साधारण १५ टक्के. बेजचं सूत्र हेच सांगतं, पण ते सूत्र समजायला पोरांना आठवडा लागतो आणि हे दोन मिनिटांत कळतं.

पायरी ६: लॉजिक, म्हणजे "असं वाटतं" आणि "असंच आहे" यातला फरक

सीबीएसईच्या अकरावीतून मॅथेमॅटिकल रीझनिंगचं प्रकरण २०२२-२३ च्या कपातीत काढलं, माझ्या मते वाईट झालं. कारण नुसती चार उदाहरणं बरोबर आली की "सिद्ध झालं" म्हणायची सवय मोडायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

करून बघा: एक संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्यात तीच संख्या मिळवा, वर ४१ मिळवा. १ घेतला तर ४३, २ घेतला तर ४७, ३ ला ५३, सगळ्या मूळ संख्या. असं ३९ पर्यंत जा, प्रत्येक वेळी मूळ संख्याच येते. ४० घ्या: १६००+४०+४१ = १६८१, आणि हे ४१×४१ आहे. ओळीने सगळी उदाहरणं जमली आणि पुढचं फसलं. खोटं ठरवायला एक उदाहरण पुरतं, खरं ठरवायला कितीही उदाहरणं कमीच, जोपर्यंत तुम्ही सगळ्या केसेस संपवत नाही.

आणि सगळ्या केसेस संपवणं कधीकधी खरंच शक्य असतं. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी १९४९ मध्ये ६१७४ ची गंमत मांडली: चार अंकी संख्या घ्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या, चढत्या क्रमाने लावून छोटी, वजाबाकी, परत तेच. ३५२४ वरून: ५४३२−२३४५ = ३०८७, मग ८७३०−०३७८ = ८३५२, मग ८५३२−२३५८ = ६१७४. आणि तिथेच अडकतं. तीन अंकांत हाच खेळ ४९५ वर थांबतो आणि त्याची सिद्धता नववीच्या मुलाला जमते. कशी ते बघा. मोठी संख्या वजा छोटी केली की मधला अंक उडतो आणि उत्तर कायम "मोठा अंक वजा छोटा अंक" गुणिले ९९ येतं. हा फरक १ ते ९ च असू शकतो. म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर फक्त नऊच संख्या शक्य आहेत: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. आता नऊ केसेस तपासा: ०९९ वरून ८९१, ८९१ वरून ७९२, मग ६९३, मग ५९४, मग ४९५. १९८ जातो ७९२ वर, २९७ जातो ६९३ वर, ३९६ जातो ५९४ वर. सगळे रस्ते ४९५ ला. संपली सिद्धता! एका पानात, यादी करून.

आता "जर-तर". टेबलावर चार कार्डं आहेत, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. तुम्हाला दिसतंय: अ, क, ४, ७. नियम सांगितलाय: एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या आहे. नियम खरा आहे की नाही हे बघायला कुठली कार्डं उलटायची? पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये असं कोडं लोकांना घातलं आणि बहुतेकांचं चुकलं. बहुतेक जण अ आणि ४ म्हणतात. बरोबर उत्तर अ आणि ७. ४ च्या मागे क निघाला तरी नियम मोडत नाही, कारण व्यंजनाबद्दल नियम काही बोललेलाच नाही. ७ च्या मागे स्वर निघाला तर मात्र मोडतो. म्हणजे "स्वर असेल तर सम" याचा व्यत्यास "सम असेल तर स्वर" हा वेगळाच दावा आहे, पण "सम नसेल तर स्वर नाही" हे मूळ वाक्यच आहे, फक्त दुसऱ्या बाजूने सांगितलेलं. बारावीचं कॉन्व्हर्स आणि कॉन्ट्रापॉझिटिव्ह एवढंच आहे.

ट्रुथ टेबलमध्ये (खरं-खोटंच्या सगळ्या केसेसचा तक्ता) "जर" चूक असेल तर अख्खं वाक्य खरं का धरतात यावर सगळे अडतात. आई म्हणाली, "ऐंशी टक्के पडले तर सायकल घेऊन देईन." पडले पंच्याहत्तर, आणि तरी सायकल आली. आई खोटं बोलली का? नाही ना. सायकल नाही आली, तरी नाही. ऐंशी पडून सायकल आली नाही, तेव्हाच भांडायचं. चारपैकी एकच ओळ खोटी.

आणि नकार. "वर्गातली सगळी मुलं डबा आणतात" याचा नकार "कोणीच डबा आणत नाही" हा नाही, "निदान एक जण डबा आणत नाही" हा आहे. इथे परत "निदान एक" आलं, प्रोबॅबिलिटीतलंच.

पायरी ७: सराव कसा, आणि उत्तर तपासायचं कसं

बालभारतीची पुस्तकं त्यांच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट आहेत, आधी तीच. मराठी मीडियमवाल्यांनी अकरावीत जायच्या आधी इंग्रजी पुस्तकाचंही सांख्यिकीचं प्रकरण उघडून ठेवा, म्हणजे मीन-मीडियन हे आपले मध्य-मध्यकच आहेत हे सप्टेंबरमध्ये नाही, जूनमध्ये कळेल. रोज एकच उदाहरण, पण पूर्ण मांडून. आठवड्यातून एकदा तुमच्या स्वतःच्या डेटावर तेच करा, आणि हाताने केल्यावर मोबाईलमधल्या स्प्रेडशीटमध्ये आकडे टाकून ताडून बघा, आधी स्प्रेडशीट नको.

पेपरात उत्तर आलं की दहा सेकंद थांबा. प्रोबॅबिलिटी एकापेक्षा जास्त आली किंवा उणे आली तर कुठेतरी यादी चुकलीय, परत मांडा. मीडियन तुम्ही निवडलेल्या गटाच्या बाहेर पडला तर बहुतेक वेळा मागच्या गटाच्या संचित वारंवारतेऐवजी (तिथपर्यंतच्या सगळ्या वारंवारतांची बेरीज) त्याच गटाची टाकलेली असते, आधी तेच बघा. मीन सगळ्यात मोठ्या आकड्यापेक्षा मोठा येऊच शकत नाही. स्टँडर्ड डेव्हिएशन उणे येऊ शकत नाही, आणि शून्य आलं तर सगळे आकडे सारखेच असले पाहिजेत. वृत्तालेखाच्या कोनांची बेरीज ३६० होते का बघा, ३५९ किंवा ३६१ आली तर पूर्णांक करताना गडबड झालीय, कोनमापक उचलायच्या आधी ती दुरुस्त करा.